आधीचं आधी, नंतरचं नंतर

भाऊजी,

लोकांचं रडून झालं. माझं भांडण राहिलं आहे.

तुमच्याशी मी आयुष्यात मोठ्यानं बोलले नाही. ओटीवर तुम्ही, स्वयंपाकघराच्या दाराआड मी आणि मधे चहाचा कप, असंच आपलं बोलणं. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही हाफ चड्डीत होता, तरी सासूबाईंनी बजावलं, दीर आहे, भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून मला अगंतुगं. चौथी शिकलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलंच तर मला उत्तर सुचेपर्यंत विचारणारा उठून जातो. कागद उठून जात नाही. म्हणून लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही, तुमच्या दादांनासुद्धा नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकानं तेच म्हटलं. दिनू फार शांत. दिनू कधी कुणाला उलट बोलला नाही. मी पाण्याचे पेले फिरवत होते आणि मनात म्हणत होते, शांत कसला, आत नुसती उकळी असायची, वर झाकण घट्ट लावलेलं. जेवताना पानातलं मीठ बोटानं कडेला सारत बसलात की मला कळायचं, आज ऑफिसात काहीतरी झालं आहे. विचारलं की म्हणायचं, काही नाही गं. तुमचं ते 'काही नाही' मी इतकी वर्षं ऐकलं, आणि खरं मानत आले. आता मानणार नाही.

माझ्या रागाचं कारण तुमच्या साहेबांच्या तोंडून कळलं. ते घरी आले होते. पण त्याआधीचं आधी सांगते. तुम्हांलाच तसं आवडायचं, आधीचं आधी, नंतरचं नंतर.

तो रविवार आठवतो का? थंडी होती, आभाळ स्वच्छ होतं, आणि मागच्या अंगणात मांडवावर सोललेली केळी, आपली सुकेळी, वाळत होती. तुम्ही ओटीवर बसून ऑफिसचे कागद तपासत होता, ते दोन्ही कडांना भोकं असलेले लांबच लांब कागद, जे वाचून झाले की मी फडताळात अंथरायची. कप उचलायला आले तर दिसलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी एकाला एक चिकटून विळेच विळे मांडलेले. मी म्हटलं, भाऊजी, एवढे विळे कशाला? कापणी आहे का?

तुम्ही हसलात. म्हणालात, त्याला कंस म्हणतात. मी म्हटलं, कंस मला एकच ठाऊक आहे आणि तो मेला. तुम्ही आणखी हसलात आणि कप माझ्या हातातून घेऊन खाली ठेवलात. बस, म्हणालात. मी उंबऱ्यावर बसले.

तुम्ही सांगितलंत की तुमच्या ऑफिसात एक निराळीच भाषा वापरतात आणि तिच्यात सगळं काम फंक्शनं करतात. फंक्शन म्हणजे एक माणूस समज. त्याच्या हातात एक वस्तू द्यायची. तो आपलं ठरलेलं एकच काम करतो आणि तयार वस्तू परत देतो. आजूबाजूला बघत नाही, दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही, गप्पा मारत नाही. मी म्हटलं, असा एक गडी आमच्या वाडीला मिळवून द्या. तुम्ही म्हणालात, मिळेल, पण त्याला कंसात ठेवावं लागेल.

मग तुम्ही कोऱ्या बाजूला आपली सुकेळी मांडलीत. त्यांच्या भाषेत मांडायची तर अशी:

बांध(वाळव(सोल(पिकव(घड))))

मी बोट ठेवून वाचलं. बांध. काय बांधू? हातात काहीच नाही. वाळव. काय वाळवू? अजून नाही. असं करत करत तळाशी गेले तेव्हा घड सापडला, आणि मग तिथून उलटं बाहेर यायचं. विहिरीत उतरून कळशी भरायची आणि परत वर चढायचं तसं. मी विचारलं, असं उलटं कशाला? पहिलं काम सगळ्यांत आत पुरलेलं आणि शेवटचं काम दारात उभं. तुम्ही म्हणालात, गणितवाल्यांची जुनी रीत आहे. यंत्राला त्रास होत नाही, ते आत शिरतं आणि बाहेर येतं. आणि माणसाला? माणसानं शिकून घ्यायचं, असं म्हणतात.

'असं म्हणतात' म्हणताना तुम्ही पेन्सिलीचं टोक दाबलंत आणि ते मोडलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही ऑफिसातून आलात ते चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलात. असं तुम्ही कधी करत नव्हता. हातात एक कागद. म्हणालात, वहिनी, वाच. मी वाचलं:

घड |> पिकव |> सोल |> वाळव |> बांध

मधली खूण म्हणजे उभी रेघ आणि तिला टेकलेलं बाणाचं टोक. मला तर ती माणसासारखी दिसली, ताठ उभा राहून कोपर पुढे केलेला, हे घे म्हणणारा. घड आला, पिकवला, सोलला, वाळवला, बांधला. कुठे उतरायचं नाही, कुठे चढायचं नाही. मी म्हटलं, हे मला वाचता आलं. तुम्ही म्हणालात, एवढंच करायचं होतं.

ही खूण बनवायला त्या भाषेत फक्त एक ओळ लागते, असं तुम्ही सांगितलंत. डावीकडची वस्तू घ्यायची आणि उजवीकडच्या माणसाच्या हातात द्यायची, बस्स. यंत्र जे काम आधी करत होतं तेच आताही करतं, अक्षराचाही फरक नाही. फरक फक्त वाचणाऱ्याला. तुमच्या ऑफिसचा तो प्रोग्रॅम परदेशातल्या कुठल्या दवाखान्यासाठी होता, रक्ताच्या तपासणीचे आकडे आत यायचे, गाळले जायचे, पारखले जायचे आणि मग डॉक्टरांकडे जायचे. तुम्ही म्हणालात, अशा ठिकाणी वाचणारा चुकला तर चालतं का?

मी खुळ्यासारखी एक शंका काढली. म्हटलं, तुमच्या रांगेत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात एकच वस्तू जाते. पण बांधायला दोन वस्तू लागतात. केळी आणि सोपट. (तुम्हांला सांगायला नको, तरी लिहिते, केळीच्या खोडाची सुकी साल, तिच्यात आपण गठडी बांधतो.) तर ते सोपट कुठून येणार? तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात. मग म्हणालात, बांधायला बसणारा माणूस सोपट मांडीवर घेऊनच बसतो ना? केळी यायच्या आधीच. मग त्याला तसंच बसवायचं. सोपट आधी देऊन ठेवायचं, आणि तो अर्धा तयार माणूस रांगेत बसवायचा, फक्त केळ्यांची वाट बघत. जी वस्तू प्रवास करते ती त्याच्या हातात सगळ्यांत शेवटी द्यायची.

हे तुम्ही मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ऑफिसातली सगळी फंक्शनं तशी लावायला घेतलीत, प्रवासाला निघणारी वस्तू शेवटी. बरेच रविवार त्यात गेले. तुमचे दादा म्हणायचे, काय रे, पगारवाढ मिळणार का याची? तुम्ही म्हणायचात, नाही. मग कशाला? वाचता यावं म्हणून. दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी बघितलं नाहीसं केलं.

आणि एक भांडण आपलं तेव्हापासूनचं आहे, ते मिटलेलंच नाही. मी विचारलं होतं, रांगेत मधेच एखादं केळं नासकं निघालं तर? तुम्ही म्हणालात, तर त्यावर नासकं अशी चिठ्ठी लावायची आणि पुढे द्यायचं. पुढचा त्याला हात लावणार नाही, नुसता पुढे सरकवेल, त्याच्या पुढचाही, शेवटपर्यंत. शेवटी बसलेल्याला कळेल की नासकं होतं. मी म्हटलं, असलं काही आमच्याकडे चालत नाही. ज्याला दिसलं त्यानं तिथेच फेकायचं. तुम्ही म्हणालात, फेकलंस तर शेवटच्याला कळणार कसं की काही आलं होतं? मी म्हटलं, नासकं हातोहात फिरवलंत तर सगळ्यांचे हात बरबटतील. तुम्ही म्हणालात, चिठ्ठी लावली आहे ना. मी म्हटलं, चिठ्ठीनं वास जातो का?

त्यावर तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. अजून सांगायचं आहे तुम्ही.

मग तो दिवस. तुम्ही आलात, पाय धुतलेत, ओटीवर बसलात. चहा तसाच निवला. मी दाराआडून विचारलं. तुम्ही म्हणालात, ती खूण गेली वहिनी. गेली म्हणजे? काढायला लावली.

हेच शब्द. काढायला लावली. मी काही विसरत नाही, भाऊजी. चौथी शिकलेल्या माणसाकडे लिहून ठेवायची सवय नसते, त्यामुळे लक्षात ठेवावं लागतं.

पुढचे कितीतरी रविवार तुम्ही तेच कागद पुढ्यात घेऊन सरळ ओळी पुन्हा उलट्या करत बसलात. शेवटचं काम दारात, पहिलं काम तळाशी, आणि टोकाला विळ्यांची रास. मला तो प्रकार बघवत नव्हता. स्वेटर विणून अंगात घातल्यावर कुणी उसवायला लावावा तसं. त्या साहेबाला मी पाहिलेलं नव्हतं, तरी भाकऱ्या थापताना रोज त्याचा उद्धार केला. एकदा इतक्या जोरात थापली की परातीतलं पीठ उडालं आणि दादांनी विचारलं, कुणाला मारतेयस? मी म्हटलं, कुणाला नाही. घराण्याचंच उत्तर.

हे घराण्याचं उत्तर कुठून आलं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुमच्या आप्पांचा, म्हणजे मामंजींचा, नियम. माल बोलतो, आपण बोलायचं नाही. गिऱ्हाइकानं गठडीला नाव ठेवलं की वाद घालायचा नाही, खाली बसायचं, गठडी सोडायची, पुन्हा बांधायची. मला मामंजींबद्दल वाईट बोलायचं नाही. त्यांच्या सुकेळीला मान होता आणि तो त्यांनी न बोलता मिळवला. पण तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत, लहान असताना त्यांच्याबरोबर माणिकपूरच्या दुकानात गेला होता ते. दुकानदारानं गठडी हातात फिरवली आणि म्हणाला, सैल आहे. आप्पा तिथेच पायरीवर बसले. येणारेजाणारे बघत होते. एकेक गठडी सोडली, एकेक बांधली. तुम्ही शेजारी वाखाची दोरी धरून उभे. आणि हे सांगताना तुम्ही मान खाली घालून म्हणाला होता, "ठीक बांधली होती, वहिनी. मी बघत होतो ना. ठीक बांधली होती."

तुमचा आवाज तेव्हा कसा झाला होता तो मला आठवतो. एवढा मोठा माणूस, अंधेरीला ऑफिस, आणि आवाज हाफ चड्डीतला.

असो. आता साहेब आले ते सांगते.

तुमचे दिवस झाले, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले. परदेशात होते म्हणे. बरोबर शर्वरी नावाची एक मुलगी, तुमचं काम आता तिच्याकडे दिलं आहे. बारीक चणीची, सारखी ओढणी सावरणारी. दादांनी खुर्च्या मांडल्या. मी नेहमीच्या जागी, दाराआड.

मला वाटलं होतं साहेब म्हणजे मिशा, पोट, आवाज. तर हा माणूस साधा. बसल्यावर चष्मा काढून पुसायला लागला तो पुसतच राहिला. म्हणाला की दिनकरच्या जाण्यानं मोठं नुकसान झालं आहे. मी मनात म्हटलं, हो, चालू द्या. मग म्हणाला की दिनकरनं आमचा प्रोग्रॅम वाचण्यासारखा केला, आता आम्ही सगळीकडे त्याची पद्धत लावतो आहोत, नियमच केला आहे.

मी बशीत सुकेळी मांडत होते. हात थांबला.

शर्वरीनं सांगितलं ते असं. तुम्ही गेल्यावर तिला तुमच्या प्रोग्रॅमात मधेच एक नवी तपासणी घालायची होती. तिनं कंस मोजले, पुन्हा मोजले, आणि तरी ती तपासणी एक घर बाहेर बसली. जे आकडा गाळायच्या आधी व्हायला हवं ते नंतर व्हायला लागलं. बाहेर जायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. मग तिनं कॉम्प्युटरात साठवलेल्या जुन्या प्रती उघडल्या आणि एका प्रतीत तिला सगळं सरळ लिहिलेलं सापडलं. ती म्हणाली, "काकी, मी ते गोष्टीसारखं वाचत गेले. कुठे थांबावंच लागलं नाही." आता ऑफिसात त्या खुणेला तुमचंच नाव पडलं आहे. इथे एक दिनू टाक, म्हणतात. तिथला दिनू राहिला बघ, म्हणतात.

भाऊजी, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नंतर. पण त्या क्षणी माझ्या पायापासून डोक्यापर्यंत संताप चढला. माणूस असताना काढायला लावलं, आणि गेल्यावर त्याच्या नावानं नियम. मी बशी घेऊन बाहेर आले. परक्या पुरुषांसमोर मी अशी कधी आलेले नाही. बशी टेबलावर ठेवली आणि तिथेच उभी राहिले. दादांना वाटलं मी काहीतरी विसरले.

मी म्हटलं, "मग तेव्हा काढायला का लावलंत?"

दादा अर्धवट उठले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, मी काढायला लावलं नव्हतं," ते म्हणाले. "मी हसलो होतो, हे खरं. मीटिंगमध्ये त्यानं ते दाखवलं, आणि मी म्हटलं, ज्यांना कंस वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी बाराखडी काढलीस का रे? सगळे हसले. मी त्याला म्हटलं, यानं नवीन काही होत नाही, पण तुला पटत असेल तर कारण लिहून दे, बघू. तो काही बोलला नाही. काही दिवसांनी बघतो तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं. मला वाटलं, त्याचं त्यालाच पटलं."

दादा खाली बसले. साहेबच पुढे म्हणाले, मला ते कंस वाचता येत होते ना, त्यामुळे गरज कळली नाही. मग त्यांनी एक सुकेळं उचललं आणि हातातच धरून बसले.

मी आत आले आणि परातीत थोडं पीठ घेतलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं. भाकऱ्यांची वेळ नव्हती.

भाऊजी, काढायला लावली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. एक माणूस हसला, त्याच्यामागे चार माणसं हसली, आणि तुम्ही गठडी सोडायला बसलात. माणिकपूरच्या पायरीवर बसावं तसे. तिथे निदान आप्पांच्या शेजारी तुम्ही होता, ठीक बांधली होती हे बघणारा. तुमच्या शेजारी कोण होतं? मी होते ना, दाराआड. मला खरं सांगायचं होतंत. मी काय करणार होते, काही नाही, पण म्हटलं असतं की लिहा ना कारण, कागद तर घरात ढीगभर पडलेत. म्हटलं असतं की मला वाचता आलं, एवढंच लिहा. की चौथीतल्या बाईला वाचता आलं असं लिहायची लाज वाटली तुम्हांला?

हे लिहिलं आणि खोडणार होते. खोडत नाही. भांडण आहे, राहू दे.

मला हसण्याचा राग नाही आला तेवढा. माणसं हसतात. शिकलेली जरा जास्त हसतात. मला राग आला तो त्या 'काढायला लावली' या शब्दांचा. तुम्ही त्या माणसाचं हसणं तसंच्या तसं घरी आणलंत, त्यावर दुसरीच चिठ्ठी लावलीत आणि माझ्या हातात दिलंत. मी ते दादांच्या हातात दिलं. आम्ही दोघांनी इतकी वर्षं एका माणसाला शिव्या दिल्या. कुणी उघडून बघितलं नाही. आता सांगा, त्या भांडणात कोण बरोबर होतं? नासकं होतं तर तिथेच, त्या टेबलावर, सगळ्यांसमोर टाकायचं होतं. जो काही वास आला असता तो त्यांच्या नाकाला आला असता.

तुम्ही म्हणाल, पण शेवटच्याला कळलं ना वहिनी? फेकलं असतं तर तुला कळलंच नसतं. हो, कळलं. शेवटी बसलेली मीच निघाले. पण असं कळून काय करू ते सांगायला तुम्ही नाहीत, आणि हा उत्तर टाळायचा अगदी तुमच्यासारखाच प्रकार झाला.

रागावले आहे म्हणून उपकार विसरले असं समजू नका. मला आयुष्यात कुणी उंबऱ्यावर बसवून काही समजावलं नाही. बाई, तू हे वाच, आणि वाचता येतं का सांग, असं कुणी म्हटलं नाही. तुम्ही तो कागद घेऊन चपलेसकट दाराशी आलात तेव्हा ऑफिसातल्या कुणालाही दाखवायच्या आधी मला दाखवला होतात. हे मला आत्ता, साहेब गेल्यावर, लक्षात आलं. तोवर मी समजत होते की तुम्ही माझी करमणूक करताय. तुम्ही माझ्यावर माप घेत होता. मला वाचता आलं म्हणजे कुणालाही येईल, असं. यात माझा मान होता की नव्हता यावर मी दोन दिवस विचार केला. होता, असं ठरवलं आहे.

सुतकात मांडव रिकामा राहिला. राजेळी केळ्यांचे घड पिकून बसले होते. शेजारची फिलोमीना न विचारता आली, आपल्या सुनेला घेऊन, आणि सगळी केळी सोलून उन्हात घालून गेली. संध्याकाळी गोळा करून पानांत गुंडाळूनही ठेवली. तिनं तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणून तिच्याजवळ मला रडता आलं.

आता शेवटचं, आणि हे सांगायलाच खरं म्हणजे बसले.

दादांचं तुम्ही गेल्यापासून कशात लक्ष नाही. गठड्या बांधून पडल्या होत्या. परवा मी म्हटलं, मी जाते दुकानात. ते म्हणाले, तू? मी म्हटलं, तुम्ही रिक्षापर्यंत चला. तर ते स्टँडवर थांबले आणि मी पिशवी घेऊन माणिकपूरच्या त्या दुकानात गेले. तेच दुकान, भाऊजी. पायरी आता लादीची आहे. गल्ल्यावर त्या दुकानदाराचा मुलगा बसतो, तोही आता म्हातारा व्हायला आला.

त्यानं सगळ्या गठड्या काढून मांडल्या, एक उचलली, दोन्ही हातांत फिरवली, अंगठ्यानं दाबली.

"ही सैल वाटते," तो म्हणाला.

माझे हात आपोआप गाठीकडे गेले. खोटं सांगत नाही, गुडघेसुद्धा वाकले, पायरीकडे. इतकी वर्षं या घरात राहून माझ्याही अंगात आप्पा शिरले आहेत. बोटं गाठीवर होती. ती गठडी मीच बांधली होती. सोपट मांडीवर घेऊन, केळ्यांची वाट बघत, तुमच्या त्या अर्ध्या तयार माणसासारखी बसून. घट्ट बांधली होती.

मी हात काढून घेतला.

"बांधणी बरोबर आहे," मी म्हटलं. "घ्यायची तर अशीच घ्या."

त्यानं गठडी खाली ठेवली. मग म्हणाला, कुणाच्या घरच्या तुम्ही? मी आप्पांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्या वेळी असं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. त्यानं बाकीच्या ठेवून घेतल्या आणि ती एक माझ्यापुढे सरकवली. परत न्या, म्हणाला. मी पिशवीत घातली.

रिक्षात दादांनी विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. मग सगळं सांगितलं, आधीचं आधी, नंतरचं नंतर, अगदी गुडघे वाकले तेसुद्धा. ते गठडी पिशवीतून काढून मांडीवर घेऊन बसले.

घरी आल्यावर आम्ही दोघं ओटीवर तुमच्या जागी बसलो. गाठ सोडायला मला सुरी लागली. सोपट उलगडलं. केळी जशी ठेवली होती तशीच होती, एकाला एक बिलगून, एकही हललं नव्हतं.

दादांनी एक उचललं, खाल्लं, आणि मान खाली घालून म्हणाले, "ठीक बांधली होती."